जोड पक्का, तर बदल सोपा

संगणकाच्या आज्ञावलीतील चूक ध्यानात आली, तर ती दुसऱ्या दिवशी दुरुस्त करता येते. प्लास्टिकच्या आवरणासाठी घडवलेल्या पोलादी साच्यातील चूक मात्र इतक्या सहजासहजी पुसली जात नाही. साचा नव्याने घडवावा लागला, तर लाखो रुपये खर्ची पडतात आणि कित्येक आठवडे वाया जातात. म्हणूनच सॉफ्टवेअर क्षेत्रात रुळलेली ‘अजाईल’ आणि ‘स्क्रम’ ही कार्यपद्धती यंत्रनिर्मितीत कशी चालणार, हा प्रश्न वारंवार विचारला जातो.

या पद्धतीचे सूत्र साधे आहे. संपूर्ण आराखडा कागदावर पक्का करून वर्ष-दोन वर्षांनी उत्पादन समोर ठेवण्याऐवजी काही आठवड्यांचे छोटे टप्पे आखायचे. अशा टप्प्याला ‘स्प्रिंट’ म्हणतात. प्रत्येक टप्प्याअखेरीस तपासून पाहता येईल असे काहीतरी तयार हवे आणि त्यावरून पुढची दिशा ठरवायची. २००१ साली अमेरिकेतील युटा राज्यात जमलेल्या १७ सॉफ्टवेअर तज्ज्ञांनी या विचाराचा जाहीरनामा तयार केला.

गंमत अशी, की ‘स्क्रम’चे मूळ यंत्रांच्याच जगात आहे. हिरोताका ताकेउची आणि इकुजिरो नोनाका यांनी १९८६ मध्ये ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मधील लेखात ही रग्बीची उपमा वापरली. एका विभागाने काम संपवून दुसऱ्याच्या हाती सोपवण्याऐवजी सगळ्या चमूने चेंडू एकमेकांकडे देत एकत्र पुढे सरकावे, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी अभ्यासलेल्या उत्पादनांत कॅमेरे, मोटार आणि झेरॉक्स यंत्रे होती.

त्यांपैकी ‘कॅनन’च्या छोट्या कॉपियरचे उदाहरण बोलके आहे. अशा यंत्रांत बहुतेक बिघाड प्रतिमा उमटवणाऱ्या ड्रमभोवती होत. घरोघरी दुरुस्ती करणारा माणूस पाठवणे परवडणारे नव्हते. चमूने तो भागच काढून टाकता येईल अशा काडतुसात बसवला. बिघाड त्या काडतुसापुरता मर्यादित झाला आणि उरलेले यंत्र सुरक्षित राहिले.

हार्डवेअरमधील ‘अजाईल’चे मर्म इथेच आहे. उत्पादनाचे स्वतंत्र भाग, म्हणजे मॉड्यूल, पाडायचे आणि त्यांच्यातील जोड आधी निश्चित करायचे. बोल्टची जागा, विजेचा दाब, संदेशवहनाची पद्धत आणि उष्णतेची मर्यादा यांवर एकदा एकमत झाले, की प्रत्येक चमूला आपल्या भागात हवे तितके बदल करता येतात. शेजारच्या भागाला धक्का लागत नाही.

अमेरिकेतील ‘विकिस्पीड’ या स्वयंसेवकांच्या चमूने हे मोटारीवर करून पाहिले. इंजिन, निलंबन व्यवस्था, बाह्यांग असे भाग सुटे करता येतील अशी रचना त्यांनी केली आणि आठवड्याच्या स्प्रिंटमध्ये सुधारणा केल्या. २०१० च्या ‘ऑटोमोटिव्ह एक्स प्राइझ’ या इंधनबचतीच्या स्पर्धेत ही मोटार उतरली होती. मात्र मोठ्या प्रमाणावरील उत्पादनापर्यंत ती पोहोचली नाही. स्वीडनच्या ‘साब’ने हीच पद्धत ‘ग्रिपेन ई’ या लढाऊ विमानासाठी वापरली. विमान उडवणारी आज्ञावली आणि युद्धकार्याची आज्ञावली तिथे वेगळ्या ठेवल्या आहेत. त्यामुळे दुसरीत केलेल्या प्रत्येक बदलासाठी उड्डाणसुरक्षेची पूर्ण तपासणी नव्याने करावी लागत नाही. या विमानाने जून २०१७ मध्ये पहिले उड्डाण केले.

अर्थात, ही जादूची कांडी नव्हे. दोन आठवड्यांत विक्रीयोग्य यंत्र तयार होत नाही. म्हणून टप्प्याचे फलित कधी पुठ्ठ्याची प्रतिकृती असते, कधी त्रिमितीय छपाईने काढलेला भाग, तर कधी केवळ चाचणीचा निष्कर्ष. प्रत्येक जोडामुळे वजन आणि खर्चही वाढतो. काही चिप हाती पडायला महिने लागतात. त्यांची मागणी स्प्रिंट सुरू होण्याच्या कितीतरी आधी नोंदवावी लागते. सर्वांत मोठा धोका जोडच चुकीच्या जागी ठरवण्याचा. कारण तो बदलायचा, तर सगळेच भाग बदलावे लागतात.

त्यामुळे रोजची उभ्या उभ्या होणारी बैठक आणि भिंतीवरच्या रंगीत चिठ्ठ्या एवढ्याने कोणताही कारखाना ‘अजाईल’ होत नाही. काय बदलू द्यायचे आणि काय अढळ ठेवायचे, हा निर्णय साचा घडवण्यापूर्वी घ्यावा लागतो. तो नीट घेतला, तर चूक एका भागाच्या किमतीत निभावते. नाही तर ती संपूर्ण यंत्राच्या किमतीला पडते.