पाण्याच्या फोडांचा गंभीर आजार : वेळीच ओळख हवी

अंगावर पाण्याचे फोड उठले की ग्रामीण भागात ते नागीण, कांजिण्या किंवा उष्णतेचा विकार मानले जातात. परभणी जिल्ह्यासारख्या कडक उन्हाळ्याच्या प्रदेशात उष्णतेचा समज विशेष दृढ आहे. परंतु जुने फोड फुटून नवे येतच राहिले, तर ‘पेम्फिगस’ या रोगाची शंका घेणे अगत्याचे ठरते.

रोगाचे स्वरूप

रोगजंतूंशी लढण्यासाठी शरीर प्रतिपिंडे निर्माण करते. या विकारात काही प्रतिपिंडे त्वचेच्या पेशींना परस्परांशी जोडणाऱ्या ‘डेस्मोग्लीन’ प्रथिनांवरच आघात करतात. जोडणी सुटते, पोकळीत पाणी साचते व फोड येतो. हा रोग संसर्गजन्य नाही. रुग्णाला वेगळे ठेवण्याचे किंवा त्याच्या मुलांना शाळेत दूर बसविण्याचे काहीच कारण नाही.

लक्षणे व निदान

अनेक रुग्णांत आरंभ तोंडातील न भरणाऱ्या व्रणांनी होतो; अंगावरील फोड पुढे काही महिन्यांनी दिसतात. ते शिथिल व सहज फुटणारे असतात. नागीण बहुधा शरीराच्या एकाच बाजूस पट्ट्यासारखी उठते व काही आठवड्यांत ओसरते. पेम्फिगस मात्र पसरत जातो. वृद्धांना तीव्र खाजेसह ताठ फोड आल्यास तो बहुधा ‘बुलस पेम्फिगॉइड’ हा निराळा विकार असतो. निश्चित निदान त्वचेचा लहानसा तुकडा तपासून होते.

उपचार

स्टेरॉइड औषधे उपलब्ध होण्यापूर्वी बहुतेक रुग्ण दगावत. १९८० च्या दशकात नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील डॉ. जे. एस. पसरिचा यांनी दरमहा सलग तीन दिवस शिरेतून औषध देण्याची ‘पल्स’ पद्धती या रोगासाठी रूढ केली. अलीकडे रिटुक्सिमॅब या औषधाचाही चांगला उपयोग होतो. उपचार दीर्घकाळ चालतात. बरे वाटताच स्टेरॉइड परस्पर बंद करणे जिवावर बेतू शकते. मधुमेह, रक्तदाब व जंतुसंसर्ग यांसाठी नियमित तपासणीही आवश्यक असते.

गावाची जबाबदारी

परभणी येथे २०२३ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. नांदेड व छत्रपती संभाजीनगर येथेही अशी महाविद्यालये आहेत. तथापि जिंतूर किंवा पालमच्या एखाद्या मजुराला वारंवार रुग्णालयात जाणे म्हणजे तितक्या दिवसांची मजुरी बुडणे होय. म्हणूनच उपचार अर्धवट सुटण्याचा धोका असतो. शिक्षक, ग्रामसेवक व पंचायत सदस्यांनी अशा रुग्णास झाडपाल्यात वा अंगाऱ्यात वेळ न दवडता प्राथमिक आरोग्य केंद्रामार्फत त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठविले आणि पुढील तारखांची आठवण ठेवली, तर एक जीव व एक संसार सावरेल.