घरातले जुने कलदार : मोडीत देण्याआधी



दिवाळी जवळ आली की लक्ष्मीपूजनाच्या ताटासाठी डब्यातले जुने कलदार बाहेर निघतात. ऊस नोंदीसाठी गावोगाव फिरताना आम्हांस हमखास विचारणा होते, "साहेब, याचे किती येतील?" आम्ही उसाची माणसं, नाण्यांचे पारखी नव्हे. तरीपण सभासदांच्या उपयोगी पडेल अशी माहिती येथे देत आहोत.

पहिली गोष्ट, नाणे घासू नका. चिंच-राख लावली की ते चकाकते खरे, पण संग्राहकाच्या लेखी त्याची किंमत तिथेच उतरते. कडी जोडलेल्या किंवा भोक पाडलेल्या रुपयाचेही तसेच.

दुसरी गोष्ट, वजन व धातू पाहा. राणीछाप रुपया एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा. त्यात चांदी ९१.७ टक्के, म्हणजे सुमारे १०.७ ग्रॅम. तिला त्या दिवसाच्या भावाने गुणले की तळभाव निघतो. उसाला जशी एफआरपी, तसेच हे समजा. झिजलेल्या नाण्यात थोडी घट धरावी. १९४० पासून रुपयात चांदी निम्मीच राहिली आणि १९४७ चा रुपया तर निकेलचा आहे. तो चुंबकाला चिकटतो, चांदीचा चिकटत नाही.

तिसरी गोष्ट, साल व अक्षरे वाचा. राणीच्या नावापुढे १८७६ पर्यंत 'क्वीन' आहे, १८७७ पासून 'एम्प्रेस'. १८६२ सालचा रुपया फार जुना म्हणून हुरळून जाऊ नये. तेच साल घालून पुढे कित्येक वर्षे रुपये पाडले गेले. याउलट १९११ चा पंचम जॉर्जचा रुपया पाहा. राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली, नाणे मागे घ्यावे लागले आणि १९१२ मध्ये हत्ती सुधारला. म्हणून १९११ च्या रुपयाला संग्राहक जास्त मोजतात. नुसत्या वयाला भाव नाही. नग किती उरले आणि अक्षरे, मुकुट, केस किती स्पष्ट राहिले, याला भाव आहे.

शेतात सापडलेल्या नाण्यांची गोष्ट वेगळी. आपल्या मंगरुळपीर तालुक्यातील तऱ्हाळा येथे १९३९ मध्ये सातवाहनांच्या नाण्यांचा मोठा साठा मिळाला. एका बाजूस सोंड उंचावलेला हत्ती, आणि धातू पोटीन, म्हणजे तांबे, कथील, शिसे यांची हलकी मिसळ. मोडीत त्याला कोण विचारतो? पण वा. वि. मिराशी यांनी त्यांवरील ब्राह्मी अक्षरे वाचली आणि कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी अशी पुराणांच्या यादीत नसलेली राजांची नावे उजेडात आली. तो साठा भट्टीत गेला असता तर ही नावेही गेली असती.

तेव्हा नांगरताना किंवा विहीर खोदताना गाडगे लागले तर ते वाटून घेऊ नका. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांवरील ठेव्याची लेखी खबर जिल्हाधिकाऱ्यांस द्यावी लागते. लपविल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ठेवा बेवारस ठरला आणि आपसांत वेगळा करार नसला, तर तीन हिस्से सापडणाऱ्यास व एक हिस्सा जमीनमालकास मिळतो. सरकारने तो घेतला तर धातूची किंमत व तिचा पाचवा हिस्सा अधिक देते. म्हणजे प्रामाणिक माणूस रिकाम्या हाताने परतत नाही.

शेवटी एक इशारा. "तुमच्या जुन्या नाण्याचे लाखो रुपये देतो, आधी कमिशन व कर भरा," असे फोन येतात. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केले आहे की बँक असा व्यवहार करीत नाही आणि तिच्या नावाने असे पैसे गोळा करण्याचा अधिकार तिने कोणालाही दिलेला नाही. खरा गिऱ्हाईक पैसे देतो, मागत नाही. उसाचे बिल खात्यावर जमा झाले की असे फोन घेताना विशेष जपावे आणि घरातल्या मुलाबाळांनाही सांगून ठेवावे.

— ऊस विकास अधिकारी