घरपट्टी भरतो, तर हिशेबही मागू या



दर वर्षी मार्चमध्ये कौन्सिल टॅक्सचे पाकीट दारात पडते आणि पुढचे दोन-तीन शनिवार मराठी शाळेच्या दाराशी, मुलांची वाट पाहता पाहता, एकच विषय चालतो. "यंदा तुमच्याकडे किती वाढला?" मग रस्त्यातले खड्डे निघतात, पंधरा दिवसांनी येणारी कचऱ्याची गाडी निघते, बंद झालेले वाचनालय निघते. मुले बाहेर येतात, थर्मासमधला चहा संपतो आणि विषयही तिथेच मिटतो, तो पुढच्या मार्चपर्यंत.

गेल्या वर्षी मात्र तो मिटला नाही. आपली शाळा ज्या हॉलमध्ये भरते त्याचे भाडे कौन्सिलने वाढवले आणि कारण दिले 'देखभालीचा वाढता खर्च'. छत तर पूर्वीसारखेच गळत होते. मग हा खर्च झाला कशावर, हे विचारायचे आम्ही तीन घरच्या मंडळींनी ठरवले.

पहिला विरोध घरातूनच झाला. "आपण इथे पाहुणे. कशाला नसती उठाठेव?" असे एका ज्येष्ठांनी म्हटले. त्यावर आमच्यातल्या वहिनी म्हणाल्या, "पाहुण्यांकडून कोणी घरपट्टी वसूल करतं का हो?" यावर कोणालाच उत्तर सुचले नाही.

कायदा काय सांगतो ते आधी पाहू. इंग्लंडमध्ये २०१४ च्या लोकल ऑडिट अँड अकाउंटेबिलिटी अ‍ॅक्टनुसार प्रत्येक कौन्सिलला दर वर्षी कामकाजाचे तीस दिवस आपले सरलेल्या वर्षाचे हिशेब लोकांसाठी खुले ठेवावे लागतात. नुसता छापील ताळेबंद नव्हे. त्यामागची कंत्राटे, बिले, व्हाउचरे आणि पावत्याही पाहता येतात आणि त्यांच्या प्रती मागता येतात. कर्मचाऱ्यांची खासगी माहिती आणि काही व्यापारी गोपनीय मजकूर तेवढा वगळला जातो. त्या भागातल्या मतदाराला याहूनही मोठा हक्क आहे. तो लेखापरीक्षकाला हिशेबांबद्दल प्रश्न विचारू शकतो आणि एखादा खर्च बेकायदा वाटला तर लेखी हरकत घेऊ शकतो.

इथे अनेकांचा गैरसमज आहे, म्हणून स्पष्ट सांगतो. मतदार होण्यासाठी ब्रिटिश पासपोर्ट लागत नाही. भारत राष्ट्रकुलात असल्यामुळे, येथे कायदेशीर वास्तव्य असलेल्या प्रौढ भारतीय नागरिकाला मतदार यादीत नाव घालता येते. गेल्या वर्षी कामाच्या व्हिसावर आलेल्या जोडप्यालाही हा हक्क आहे. फक्त यादीत नाव हवे.

आम्ही मुदतीत पत्र लिहिले आणि मोजकेच मागितले: आमच्या हॉलची वर्षभराची दुरुस्ती-देखभालीची नोंद आणि त्यामागची बिले. ठरल्या दिवशी एका लहानशा खोलीत टेबलावर दोन फायली ठेवलेल्या होत्या. अधिकारी बाई सौजन्याने वागल्या. "हे बघायला यंदा तुम्हीच पहिले," असे म्हणून त्यांनी खुर्च्या पुढे केल्या.

आमच्याबरोबर भारतात तीस वर्षे बँकेत व्हाउचरे तपासलेले एक काका होते. चष्मा पुसून ते एकेक कागद उलटू लागले. तासाभरात त्यांचे बोट एका ओळीवर थांबले. बॉयलर तपासणीचे एकच बिल, तोच क्रमांक, तीच तारीख, पण पैसे दोनदा दिलेले. एकदा मे महिन्यात आणि पुन्हा जुलैमध्ये. छताची पाहणी झाली होती, तिचे पैसेही दिले होते, पण दुरुस्तीचे काम कोणाला दिल्याची नोंदच नव्हती.

आम्ही दोन्ही गोष्टी कौन्सिलला लेखी कळवल्या. बाहेरच्या लेखापरीक्षकाकडे जाण्याची वेळ आली नाही. जादा दिलेली रक्कम कंत्राटदाराकडून परत आली आणि छताचे काम पुढच्या वर्षाच्या यादीत घेतले गेले. भाडे कमी झाले नाही, हेही प्रामाणिकपणे सांगतो. पण पुढच्या वाढीआधी खर्चाचा तपशील हॉल वापरणाऱ्या संस्थांना मिळेल, एवढे लेखी आश्वासन आले. त्या बिलात कोणाची लबाडी होती असे आम्हाला वाटत नाही. कोणी पाहत नव्हते, एवढेच.

अशा हरकती नेहमीच इतक्या लहान नसतात. १९८० च्या दशकात लंडनच्या वेस्टमिन्स्टर कौन्सिलने, लेडी शर्ली पोर्टर यांच्या कारकिर्दीत, अटीतटीच्या वॉर्डांतली कौन्सिलची घरे विकायला काढली. तेथे आपल्या पक्षाची मते वाढावीत हा हेतू होता. १९८९ मध्ये काही स्थानिक मतदारांनी लेखापरीक्षकाकडे हरकत घेतली. लेखापरीक्षक जॉन मॅगिल यांनी १९९६ मध्ये हा प्रकार बेकायदा ठरवला. अपिलात निकाल फिरला, पण डिसेंबर २००१ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने मॅगिल यांचेच म्हणणे मान्य केले आणि २००४ मध्ये पोर्टरबाईंनी १ कोटी २३ लाख पौंड भरून प्रकरण मिटवले. पुढाऱ्यांकडून असा भुर्दंड वसूल करण्याची तरतूद आता रद्द झाली आहे. हरकतीचा हक्क मात्र शाबूत आहे.

आणि त्याची गरज वाढली आहे. जुलै २०२१ मध्ये स्लाउ, जून २०२३ मध्ये वोकिंग आणि सप्टेंबर २०२३ मध्ये बर्मिंगहॅम यांनी 'सेक्शन ११४' ची नोटीस काढली. म्हणजे अत्यावश्यक सेवा सोडून नवा खर्च बंद. वोकिंगने इमारती आणि हॉटेल उभारण्यासाठी डोईजड कर्ज काढले होते. भुर्दंड मात्र रहिवाशांना पडला. २०२३ मध्ये स्लाउचा कौन्सिल टॅक्स जवळजवळ दहा टक्क्यांनी वाढला, आणि तेथे आपली किती कुटुंबे आहेत हे आपण जाणतोच. लेखापरीक्षण वेळेवर होते म्हणावे, तर २०२२-२३ च्या हिशेबांची तपासणी सप्टेंबर २०२३ अखेरच्या मुदतीत ४६७ स्थानिक संस्थांपैकी फक्त पाचांचीच पूर्ण झाली होती. राखणदार उशिरा येत असेल तर मालकाने स्वतः एक फेरी मारलेली बरी.

हिशेब मागणे आपल्याला नवे नाही. अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर महाराष्ट्राचा माहितीच्या अधिकाराचा कायदा २००२ मध्ये आला, आणि ऑक्टोबर २००५ पासून तसाच कायदा देशभर लागू झाला. गावचा रस्ता कागदावर किती लांबीचा आणि प्रत्यक्षात किती, हे विचारायला आपले भाऊबंद तिथे रांगेत उभे राहतात. येथेही जानेवारी २००५ पासून माहिती मागण्याचा कायदा लागू आहे आणि कौन्सिलला कामकाजाच्या वीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. मग आपणच येथे गप्प का?

ज्यांना हे करून पाहायचे आहे त्यांच्यासाठी अनुभवाचे चार शब्द. मतदार यादीत नाव आहे ना, ते आजच पाहा. ५०० पौंडांवरच्या खर्चाची यादी कौन्सिलला जाहीर करावी लागते. ती आधी वाचा, म्हणजे काय मागायचे ते कळते. सगळे मागू नका, एकच विषय धरा. तीस दिवसांची सूचना कौन्सिल उन्हाळ्याच्या सुमारास प्रसिद्ध करते. तारीख चुकली की हा हक्क पुढच्या वर्षावर जातो. आणि रागाने जाऊ नका, वही-पेन्सिल घेऊन जा.

काकांनी यंदाही यायचे कबूल केले आहे. या वेळी वाचनालयांचा खर्च पाहण्याचा विचार आहे. ज्यांना बरोबर यायचे असेल त्यांनी शनिवारी शाळेच्या वेळेत आम्हाला भेटावे. हिशेब येत नसेल तरी चालेल, आकडे वाचून दाखवायला माणूस हवाच असतो. थर्मास आम्ही आणू.