परदेशवारीत ई-मेलचा माल न विचारता उतरू देऊ नका

ज्यांनी १९९० च्या दशकात नायगाव-दादरच्या भागात कापडाचा धंदा केला असेल, त्यांना आयएसडी बूथमधला लाल आकडा आठवत असेल. हिंदमाताच्या बाजारातून दुबईच्या ग्राहकाशी बोलायचे तर काचेच्या त्या खोपटात शिरावे लागे. नंबर लागला की समोरच्या पेटीवर रुपयांचे आकडे पळू लागत. आमचा एक डोळा त्या आकड्यावर असे आणि तोंडात मालाचा भाव. आकडा फार पुढे गेला की 'खुदा हाफिज' म्हणून फोन ठेवायचा. खर्च किती झाला हे जागच्या जागी कळे.

पुढे १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले आणि हळूहळू ई-मेल आला. तेव्हाही संगणक टेलिफोनच्या तारेने जोडावा लागे. आपण जोडला तरच पत्र उतरे, आपण तोडला की सारे बंद. आज फोन खिशात असतो, चोवीस तास जोडलेला असतो आणि पत्रे स्वतःच आणतो. मीटर पूर्वीसारखेच फिरते, पण लाल आकडा समोर दिसत नाही. परदेशी जाणाऱ्या व्यापाऱ्याचे नुकसान नेमके इथेच होते.

आमच्या दोन चुका

२०१४ साली आम्ही पाच दिवसांसाठी दुबईला गेलो होतो. देऱ्यातील मुर्शिद बाजार आणि बर दुबईच्या कापड बाजारात नमुने दाखवायचे होते. फोनवर आम्ही मोजकेच बोललो आणि मनातल्या मनात काटकसरीचा आनंद मानला. घरी आल्यावर महिन्याचे बिल आले ते विमानाच्या तिकिटापेक्षा मोठे. कंपनीच्या कचेरीत विचारले तर उत्तर मिळाले, 'तुम्ही डेटा वापरला आहे.' आम्ही म्हणालो, आम्ही इंटरनेट उघडलेच नाही. शेवटी आमच्या मुलाने फोन हातात घेऊन पाहिले. तो म्हणाला, 'अब्बा, तुम्ही उघडले नाही, पण फोनने तुम्हाला न विचारता माल उतरवून घेतला.' डाइंगवाल्याने पाठविलेले शेड कार्डाचे फोटो, एका दलालाचा भलामोठा कॅटलॉग आणि जाहिरातींची पत्रे, सारे खिशातल्या खिशात उतरले होते.

पुढच्या वर्षी आम्ही याच्या उलट गफलत केली. भीतीने मुंबईच्या विमानतळावरच डेटा बंद केला आणि तो परत येईपर्यंत उघडलाच नाही. त्या चार दिवसांत रंगाच्या मंजुरीचा ई-मेल येऊन पडला होता. उत्तर न मिळाल्याने डाइंगवाल्याने स्वतःच्या अंदाजाने रंग चढवला आणि तो लॉट ग्राहकाने नाकारला. हिशोब केला तेव्हा हे नुकसान पहिल्या बिलाच्या कितीतरी पट निघाले.

सांगावयाचे तात्पर्य असे की, सारे चालू ठेवणे हा जसा मूर्खपणा, तसाच सारे बंद ठेवणे हाही मूर्खपणा. काय उतरवायचे, केव्हा उतरवायचे आणि कोणाच्या वाटेने उतरवायचे, हे आपण ठरवले पाहिजे. फोनला ठरवू देऊ नये.

बिल्टी आणि गाठ

ही गोष्ट कापडवाल्यांना समजावणे सोपे आहे. ट्रान्सपोर्टने माल येतो तेव्हा आधी बिल्टी हाती येते. पाठवणारा कोण, माल काय, गाठी किती, हे तिच्यावरून कळते. मग गाठ आज सोडवायची की चार दिवसांनी, हे आपण ठरवतो. ई-मेलचेही तसेच आहे. पाठवणाऱ्याचे नाव, विषय आणि साधा मजकूर ही बिल्टी. सोबत जोडलेले फोटो, पीडीएफ आणि कॅटलॉग ही गाठ. बिल्टीचे वजन काही किलोबाइट, तर गाठीचे अनेक एमबी. एक एमबी म्हणजे ढोबळमानाने एक हजार किलोबाइट, हे ध्यानात ठेवले म्हणजे फरक कळेल.

शिवाय गाठीचे वजन वाटेत वाढते. ई-मेलची यंत्रणा मुळात अक्षरांसाठी बनलेली आहे. म्हणून फोटो पाठवताना त्याचे अक्षरांत रूपांतर होते आणि त्यात वजन साधारण एक तृतीयांशाने वाढते. ३ एमबीचा फोटो असा ४ एमबीचा होतो. समजा, परदेशात पॅकशिवाय एका एमबीला १०० रु. भाव लागला आणि कोणी ३ एमबीचे बारा फोटो पाठवले. आपण म्हणू ३६ एमबी, पण प्रत्यक्षात ४८ एमबी होतात आणि एका पत्राचे ४,८०० रु. पडतात. हा भाव केवळ उदाहरणादाखल घेतला आहे. प्रत्येक कंपनीचा व प्रत्येक देशाचा भाव वेगळा असतो, आणि कुठे तो एमबीवर तर कुठे १० किलोबाइटच्या टप्प्यावर मोजतात.

आणखी एक लक्षात ठेवावे. मोजणी येणाऱ्या आणि जाणाऱ्या, दोन्ही मालाची होते. आपण पाठविलेला फोटोही हिशोबात येतो. काही खात्यांमध्ये तर पत्र एकदा पाठवण्यासाठी जाते आणि त्याची नक्कल 'सेंट'च्या कप्प्यात ठेवण्यासाठी पुन्हा जाते, म्हणजे वजन दुप्पट. पत्राला नुसते उत्तर दिले तर मूळ जोडणी बहुधा सोबत जात नाही, पण 'फॉरवर्ड' केले तर जाते.

निघण्यापूर्वी घरच्या वाय-फायवर

पावसाळ्यात हिंदमाताला पाणी भरते हे साऱ्या मुंबईला ठाऊक आहे. तिथला दुकानदार पाणी आत शिरल्यावर माल वरच्या फळीवर चढवत नाही, आभाळ पाहूनच चढवतो. ही कामेही विमानतळावर धावपळीत करू नयेत, आदल्या रात्री घरी करावीत.

१. ई-मेलचे आपोआप येणे थांबवा. आयफोनच्या मेलमध्ये 'पुश' बंद करून 'मॅन्युअल' ठेवता येते, म्हणजे आपण पेटी उघडली तरच पत्रे येतील. अँड्रॉइडवर जीमेलच्या खात्यात 'सिंक' बंद करता येते. पत्र हवे तेव्हा ते चालू करावे.

२. जीमेलमध्ये किती दिवसांची पत्रे फोनवर ठेवायची याचा आकडा असतो. तो बहुधा ३० असतो, थोडक्या दिवसांवर आणावा. जोडण्या वाय-फायवरच आपोआप उतराव्यात आणि पत्रातली बाहेरची चित्रे विचारल्याशिवाय दाखवू नयेत, अशा सोयीही तिथेच आहेत. जाहिरातींच्या पत्रांतले बरेच वजन या चित्रांचेच असते.

३. अँड्रॉइडवरच्या व्हॉट्सअॅपमध्ये फोटो व व्हिडिओ आपोआप उतरवण्यासाठी मोबाइल डेटा, वाय-फाय आणि रोमिंग अशा तीन वेगळ्या ओळी आहेत. रोमिंगच्या ओळीत एकही खूण नसावी. फोटोंचा बॅकअप आणि अॅपचे अपडेट केवळ वाय-फायवर ठेवावेत. ई-मेलला दोष देताना हे दोन चोर पुष्कळदा सुटून जातात.

४. तिकीट, व्हिसा, हॉटेलचा कागद, दरपत्रक, शेड कार्ड आणि शहराचा नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवावा. जो माल बरोबर नेला, तो तिथे पुन्हा मागवावा लागत नाही.

५. पेढीवरच्या माणसाला सांगून ठेवावे की, आठ दिवस कोणतीही जोडणी पाठवायची नाही. मंजुरीची गोष्ट असेल तर विषयाच्या ओळीतच लॉट नंबर आणि प्रश्न लिहावा. 'लॉट ४१२, शेड ७, हो की नाही?' एवढ्याने काम होते. रंग पाहणे आवश्यकच असेल तर एकच फोटो, तोही छोटा करून पाठवावा. आमच्या अनुभवात फोनच्या सगळ्या सेटिंगपेक्षा या एका शिस्तीने अधिक पैसे वाचले.

६. फोनमध्ये डेटा मोजण्याची वही असते. आयफोनवर रोमिंगचा आकडा वेगळा दिसतो, तो निघताना शून्यावर आणावा. अँड्रॉइडवर ठरावीक मर्यादेला डेटा तोडण्याची सोय आहे. जुना लाल आकडा परत मिळवण्याचा हाच मार्ग.

पॅक, तिथले सिम की ई-सिम?

परदेशात डेटा तीन वाटांनी मिळतो. पहिली वाट आपल्याच कंपनीच्या रोमिंग पॅकची. ते घेण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत: आपला देश त्या यादीत आहे काय? पॅकचा दिवस चोवीस तासांचा की तारखेचा, आणि कुठल्या घड्याळाचा? पॅक संपल्यावर सेवा थांबते की मूळ भाव लागू होतो? विमानातल्या किंवा जहाजातल्या जाळ्याला ते चालते काय? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बहुधा 'नाही' असेच मिळते. म्हणून विमानात बसताच एअरप्लेन मोड लावावा.

दुसरी वाट तिथल्या सिमची. संयुक्त अरब अमिरातीत ई-अँड (पूर्वीची एतिसलात) आणि डू, सौदी अरबस्तानात एसटीसी, मोबिली आणि झैन अशा कंपन्या प्रवाशांना पासपोर्टवर सिम देतात. आठवडाभर राहणाऱ्याला ही वाट बहुधा स्वस्त पडते. धंद्याबरोबर उमराह उरकून येणाऱ्या बांधवांनाही हेच लागू आहे.

तिसरी वाट ई-सिमची. यात प्लास्टिकचा तुकडा नसतो. घरी बसून दुसरे कनेक्शन फोनमध्ये भरून घेता येते, मात्र आपला फोन ते घेतो की नाही हे आधी तपासावे.

तिथले सिम वा ई-सिम घेतल्यावरही भारतीय सिम काढून टाकू नये. बँकेचा ओटीपी त्यावरच येतो, आणि रोमिंगवर येणाऱ्या एसएमएसला सहसा पैसे पडत नाहीत. पण निघण्यापूर्वी त्या सिमवर रोमिंग सुरू आहे याची खात्री करावी. डेटासाठी नवे सिम निवडावे आणि भारतीय सिमचे 'डेटा रोमिंग' बंद ठेवावे. दोन सिमच्या फोनमध्ये एक कमकुवत झाल्यावर फोनने आपोआप दुसऱ्यावर उडी मारावी अशी सोय असते, तीही बंद करावी. नाहीतर पुढचे दार लावून मागचे उघडे ठेवल्यासारखे होईल.

युरोपविषयी एक गैरसमज आहे. युरोपीय संघाने १५ जून २०१७ पासून आपल्या सदस्य देशांत रोमिंगचा जादा भार काढून टाकला, हे खरे. पण ती सवलत तिथल्या सिमसाठी आहे, मुंबईहून नेलेल्या सिमसाठी नव्हे. आपल्याकडे ट्रायने २०२० साली केलेल्या शिफारशींत आंतरराष्ट्रीय रोमिंग ग्राहकाने मागितल्याखेरीज बंदच असावे असे म्हटले आहे. तरीही आपल्या नंबरावर ते चालू आहे की बंद, हे कंपनीला विचारून घेणे आपल्याच फायद्याचे.

चीनला जाणाऱ्यांसाठी

आता आपल्या बाजारातले पुष्कळजण शाओशिंगच्या केछियाओ कापड बाजारात किंवा ग्वांगझौच्या जत्रेला जातात. तिथे हिशोब थोडा उलटा आहे. चीनमध्ये जीमेल आणि व्हॉट्सअॅप तिथल्या जाळ्यावर चालत नाहीत, म्हणून हॉटेलचे फुकट वाय-फाय असूनही पेढीचा ई-मेल उघडत नाही. परंतु रोमिंगचा डेटा सर्वसाधारणपणे आपल्या मूळ कंपनीच्या जाळ्यातून फिरून येतो. त्यामुळे भारतीय सिमच्या रोमिंगवर तीच पत्रे बहुधा उघडतात. तेव्हा चीनला जाताना रोमिंग पॅक घेणे ही उधळपट्टी नव्हे, तो धंद्याचा खर्च आहे. पत्रव्यवहार पॅकवर आणि बाकीचे जड काम हॉटेलच्या वाय-फायवर, अशी वाटणी करावी. उघड्या वाय-फायवर बँकेचे व्यवहार मात्र करू नयेत.

दिवसातून दोनदा पेटी

आता आमचा नेम ठरला आहे. सकाळी हॉटेल सोडण्यापूर्वी वाय-फायवर पेटी उघडायची, जड गाठी तिथेच सोडवायच्या. दुपारी बाजारात फक्त बिल्ट्या पाहायच्या, हो किंवा नाही कळवायचे आणि डेटा बंद करायचा. रात्री परत वाय-फायवर सविस्तर उत्तरे लिहायची. बाजारात तातडीचे काही निघालेच तर पेढीवरचा माणूस एक एसएमएस टाकतो, आणि मग आम्ही डेटा उघडतो. परत आल्यावर फोनमधल्या वहीचा आकडा बिलाशी ताडून पाहतो. तफावत दिसली तर तक्रारीसाठी तोच आकडा कामी येतो, म्हणून परतताना त्याचा स्क्रीनशॉट घ्यायला विसरत नाही.

मुनीम जसा चलनाखेरीज गाठ आत घेत नाही, तसाच फोनलाही न विचारता गाठ घेऊ देऊ नये. आमचे दोन धडे आम्ही रोख पैसे मोजून शिकलो. आमच्या व्यापारी बांधवांना तरी ते फुकटात मिळावेत, म्हणून हे लिहिले.