टेंडर भरताय? आधी हे वाचा!

टिटवाळ्याचा महागणपती आणि सरकारी काम यांचं नातं जुनं आहे. माधवराव पेशव्यांच्या काळात पाणीटंचाई झाली, तळ्यातला गाळ उपसायला घेतला आणि खाली गाडलेलं देऊळ सापडलं, असं सांगतात. आज असं काम निघालं, तर ठेकेदाराला फावड्याआधी डिजिटल सही लागेल! वर्कशॉपवाले, केटरर, बचत गट, सगळ्यांसाठी ही तयारीची गंमतजंमत.

चारातला एक रुपया छोट्यांचा. केंद्राची खाती आणि सार्वजनिक उपक्रम यांनी वर्षाच्या खरेदीतला 25 टक्के माल सूक्ष्म व लघुउद्योगांकडून घ्यायचा असतो. त्यात 3 टक्के महिला उद्योजकांचे, 4 टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांचे. दारावरून धावणारी रेल्वेही यातच आली.

'सूक्ष्म' म्हणजे केवढं? 1 एप्रिल 2025 पासून यंत्रसामग्रीत गुंतवणूक अडीच कोटींपर्यंत आणि उलाढाल 10 कोटींपर्यंत! म्हणजे आपल्याकडची बरीचशी वर्कशॉपं त्यात बसतात. छोटा उद्योग म्हणून सरकारदरबारी करायची उद्यम नोंदणी फुकट असते. एजंट पैसे मागत असेल तर सरळ रामराम ठोका.

ट्रेडिंगवाले, जरा थांबा. भिवंडीच्या गोदामातला माल उचलून जसाच्या तसा पुरवणाऱ्यालाही उद्यम नोंदणी मिळते. निविदेसोबत भरायच्या बयाणा रकमेची माफी मात्र माल बनवणाऱ्या किंवा सेवा देणाऱ्या छोट्यांनाच.

हरूनही ऑर्डर! बड्या कंपनीचा दर सर्वांत कमी, पण तुमचा त्याहून 15 टक्क्यांच्या आतच जास्त? केंद्राच्या खरेदीत तिच्या दराला उतरायची तयारी दाखवा. काम विभागता येण्यासारखं असेल तर 25 टक्के वाटा छोट्यांना मिळतो.

सरकारी बाजारपेठ. सरकारी खरेदीचं 'जेम' पोर्टल 9 ऑगस्ट 2016 ला सुरू झालं. ऑगस्ट 2024 पासून तिथे 10 लाखांपर्यंतच्या ऑर्डरवर व्यवहार शुल्क शून्य.

कागद नाही, लिफाफे दोन. राज्याच्या 'महाटेंडर्स' या ई-निविदा पोर्टलवरच्या निविदेत पहिला लिफाफा बहुधा तांत्रिक: जीएसटी, सीएचा उलाढालीचा दाखला, आधीची कामं पूर्ण केल्याचे दाखले. यात नापास झालात, तर दराचा लिफाफा उघडतच नाही. दर कितीही झकास असो!

फाईलचं बारसं नको. दराची एक्सेल फाईल, म्हणजे बीओक्यू, उतरवून घ्या, रंगीत चौकटींत आकडे भरा आणि त्याच नावाने चढवा. 'फायनल दर नवीन' असं नाव दिलंत की पोर्टल ती परत करतं. डिजिटल सहीचं टोकनही तपासा: 1 जानेवारी 2021 पासून क्लास 3 च मिळतं, आणि त्याची मुदत संपते ती नेमकी शेवटच्या दिवशी!

उशिराला व्याज. सूक्ष्म-लघुउद्योगाचं बिल जास्तीत जास्त 45 दिवसांत चुकतं करायचं, असं 2006 चा कायदा सांगतो. नाहीतर बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज.

एक लक्षात ठेवा: कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या निविदेत केंद्राच्या सवलती गृहीत धरू नका, तिथल्या अटी ओळ न् ओळ वाचा. आणि दाखल्यांची फाईल आजच लावा. जाहिरात निघाल्यावर बाकीचे सीएच्या दारात ताटकळत असतील, तेव्हा तुम्ही निवांत दर काढत बसाल.