फॉरमॅट मारायच्या आधी

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नेहमीचा आधार थांबवला आणि अजून धडधाकट असलेले असंख्य संगणक पेचात सापडले. टीपीएम २.० नाही, प्रोसेसर जुना, म्हणून विंडोज ११ चढत नाही. आणि चालते यंत्र भंगारात घालायचे तर जिवावर येते. अशा यंत्रावर उबुंटू, लिनक्स मिंट किंवा डेबियन टाकणे हा शहाणपणाचा मार्ग आहे. पण त्यानंतरच्या तक्रारीही ठरलेल्या असतात. वाय-फाय दिसत नाही, आवाज येत नाही, पासवर्ड बरोबर असूनही आत घेत नाही, अपडेटनंतर पडदा काळा. त्यावर आपल्याकडचा रामबाण उपाय म्हणजे ‘फॉरमॅट मारून टाका’. विंडोजच्या काळात अंगवळणी पडलेली ही सवय लिनक्सवर फार महाग पडते, कारण तिच्यात बिघाडाबरोबर बिघाडाचा पुरावाही पुसला जातो. यंत्र तेच, ड्रायव्हर तोच, सेटिंग तीच. मग काही दिवसांनी तोच बिघाड पुन्हा दारात उभा राहतो आणि दोष ‘लिनक्स’ नावाच्या एका सरसकट गोष्टीवर जातो.

मुळात लिनक्स डेस्कटॉप ही एकसंध वस्तू नाही. तळाशी यंत्राचे फर्मवेअर, त्यावर ग्रबसारखा बूटलोडर, मग कर्नल, मग पार्श्वभूमीत चालणाऱ्या सेवा, मग चित्र दाखवणारी यंत्रणा, तिच्यावर ग्नोम किंवा केडीई आणि सर्वांत वर आपण वापरतो ते अ‍ॅप. हे थर वेगवेगळ्या लोकांनी, वेगवेगळ्या गतीने घडवलेले आहेत. यामुळेच गोष्टी बिघडतात, हा आरोप खरा आहे. पण यामुळेच त्या एकमेकींपासून सोडवूनही पाहता येतात. म्हणून ‘उपाय काय’ हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, बिघाड कुठे नाही?

लॉगिनच्या पडद्यावरच्या अडवणुकीकडे या नजरेने पाहा. पासवर्ड दिला, पडदा क्षणभर लुकलुकला आणि पुन्हा पासवर्डच मागू लागला. पासवर्ड चुकला असता तर तसा संदेश आला असता. म्हणजे तो भाग निर्दोष. आता कंट्रोल-आल्ट-एफ३ दाबून अक्षरांच्या काळ्या पडद्यावर जा आणि तिथे लॉगिन करा. झाले, तर कर्नल आणि खाते दोन्ही ठीक आहेत आणि संशय फक्त चित्रमय सत्रावर उरतो. तिथेच ‘डीएफ’ ही कमांड चालवली तर बहुधा कारण समोर येते: डिस्क शंभर टक्के भरलेली. लॉगिन करताना डेस्कटॉपला काही छोट्या फायली लिहाव्या लागतात आणि लिहायला जागाच नसते. मग बाकीची यंत्रणा चालू कशी राहते? लिनक्सच्या प्रचलित एक्स्ट४ फाइल सिस्टिममध्ये पाच टक्के जागा मूळचीच रूट वापरकर्त्यासाठी राखून ठेवलेली असते. सेवा त्या जागेवर तग धरतात, सामान्य वापरकर्ता मात्र दाराबाहेर राहतो. डिस्कवर जागा असेल तर फायलींची मालकी तपासावी. एखादे चित्रमय अ‍ॅप सुडो लावून चालवल्यावर घरच्या फोल्डरातली ‘एक्सऑथॉरिटी’ फाइल रूटच्या नावावर गेलेली असू शकते. तेही नसेल तर नवे खाते उघडावे. नव्या खात्यात सगळे सुरळीत असेल, तर दोष जुन्या खात्याच्या सेटिंगमध्ये आहे. यातल्या एकाही शक्यतेला फॉरमॅटची गरज नाही.

काही वेळा तर बिघाडाचा आकडाच कारण सांगून जातो. एकाच यंत्रावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवणाऱ्यांना भारतात घड्याळ नेमके साडेपाच तास चुकलेले दिसते. मदरबोर्डवरचे घड्याळ लिनक्स जागतिक प्रमाणवेळेत ठेवते, विंडोज त्यालाच स्थानिक वेळ समजते, आणि आपल्या वेळेतला फरक तेवढाच आहे. घड्याळाची बॅटरी संपली असती तर चूक इतकी नेमकी नसती. एकाला दुसऱ्याची पद्धत शिकवली की प्रश्न मिटतो. तोवर मात्र वेळ फार चुकलेली असेल, तर ब्राउझर सुरक्षा-प्रमाणपत्रांवरून कुरकुरतो आणि माणूस बिचारा इंटरनेट कंपनीला फोन लावत बसतो.

वाय-फायचेही असेच. जोडणी दिसते पण पाने उघडत नाहीत, अशा वेळी ८.८.८.८ या पत्त्याला पिंग करून पाहावे. उत्तर आले तर जोडणी चालू आहे, नावांचे पत्ते शोधणारी डीएनएस यंत्रणा अडली आहे. वाय-फायच दिसत नसेल तर कर्नलच्या नोंदी पाहाव्यात. तिथे अनेकदा फर्मवेअर सापडले नसल्याची स्पष्ट ओळ असते. इथे फर्मवेअर म्हणजे वाय-फाय कार्डात भरावा लागणारा, बहुतेकदा कंपनीच्या मालकीचा छोटा प्रोग्राम. डेबियनने तत्त्वापोटी तो वर्षानुवर्षे आपल्या मुख्य इन्स्टॉलरमध्ये ठेवला नव्हता. २०२२मध्ये सभासदांनी मतदान घेऊन धोरण बदलले आणि २०२३च्या जूनमध्ये आलेल्या डेबियन १२पासून तो सोबत येऊ लागला. अपडेटनंतरचा काळा पडदा असेल तर ग्रबच्या यादीतून आधीचा कर्नल निवडावा. त्यावर यंत्र उठले, तर एनव्हिडियाचा ड्रायव्हर नव्या कर्नलशी जुळला नसल्याचा संशय पक्का करता येतो. आवाजाचे कारण तर अनेकदा एवढेच असते की तो स्पीकरऐवजी एचडीएमआयने जोडलेल्या मॉनिटरकडे चालला आहे.

फॉरमॅट किती फोल ठरू शकते, याचा पुरावा ऑगस्ट २०२४मध्ये मिळाला. विंडोजच्या एका सुरक्षा-अपडेटनंतर, दोन्ही प्रणाली असलेल्या अनेक यंत्रांवर लिनक्स उठेना. जुने बूटलोडर नाकारण्याचा नियम त्या अपडेटने लागू केला होता. तो नियम डिस्कवर नव्हता, मदरबोर्डच्या स्मृतीत लिहिला गेला होता. त्यामुळे लिनक्सचा जुना पेनड्राइव्ह लावला तरी तोही नाकारला जाई. डिस्क दहा वेळा पुसली असती तरी फरक पडला नसता. ज्यांनी पडद्यावरचा नकाराचा संदेश वाचला, त्यांनी बूटलोडरची ही पडताळणी करणारे सिक्युअर बूट तात्पुरते बंद करून वाट काढली.

यावर रास्त आक्षेप असा की हिशेब लिहिणाऱ्या, पत्रे टाइप करणाऱ्या माणसाने कर्नलच्या नोंदी का वाचाव्यात? वाचू नयेत, हे मान्य. डिस्क भरत आल्याची सूचना वेळीच आणि ठळक देणे, हे डेस्कटॉप बनवणाऱ्यांचे काम आहे आणि त्यात ते अजूनही कमी पडतात. पण फॉरमॅट मारणाराही कुणीतरी जाणकारच असतो. प्रश्न त्याने तासभर कुठे घालवायचा एवढाच आहे. दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. नोंदींमध्ये इतका कचरा असतो की नवखा माणूस घाबरतो. उत्तम चालणाऱ्या लॅपटॉपवरही एसीपीआयच्या लाल ओळींचा खच पडलेला असतो. म्हणून लाल रंगाकडे बघू नये, वेळेकडे बघावे. बिघाड ज्या मिनिटाला झाला त्या मिनिटाच्या ओळी वाचाव्यात. यंत्र अडकून बंद करावे लागले असेल तर ‘जर्नलसीटीएल’कडून मागच्या बूटची नोंद मागता येते. इंटरनेटवरून किंवा चॅटबॉटकडून मिळालेली कमांड आंधळेपणाने चिकटवणे हे फॉरमॅटचेच धाकटे भावंड आहे. सगळ्या फायलींना ७७७ परवानगी देणारा ‘उपाय’ एक कुलूप उघडण्यासाठी घरातली सगळी दारे काढून ठेवतो.

मराठी वाचकाच्या खास अडचणीलाही हीच रीत लागू पडते. देवनागरीच्या जागी चौकोन दिसत असतील तर फॉन्ट नाही. नोटो किंवा लोहित टाकला की काम झाले. अक्षरे दिसतात पण जोडाक्षरे तुटतात आणि ती एकाच अ‍ॅपमध्ये, तर फॉन्ट निर्दोष, दोष त्या अ‍ॅपचा. आणि जुनी फाइल उघडल्यावर रोमन अक्षरांची खिचडी दिसत असेल तर लिनक्सचा काहीच संबंध नाही: तो मजकूर युनिकोडमध्ये नाही, श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टच्या सांकेतिक रचनेत आहे. तो कन्व्हर्टरमधून काढावा लागेल.

या रीतीला अपवादही आहेत. डिस्कच मरायला टेकली असेल, नोंदींत इनपुट-आउटपुटच्या चुका वाढत असतील, तर आधी फायली दुसरीकडे उतरवाव्यात. तिथे निदानाचा हट्ट परवडत नाही. आणि काही बिघाडांना उपायच नसतो. अनेक लॅपटॉपच्या बोटाच्या ठशाच्या सेन्सरला लिनक्सचा ड्रायव्हर कुणी लिहिलेलाच नाही. हे कळण्याची जागा म्हणजे लाइव्ह पेनड्राइव्ह. डिस्कला हात न लावता वाय-फाय, आवाज, कॅमेरा, देवनागरी सगळे त्यावर पाहून घेता येते. झाकण लावल्यावर यंत्र नीट झोपते का, हे मात्र पाच मिनिटांत कळत नाही. कित्येक नव्या लॅपटॉपवर जुनी गाढ झोप उरलेलीच नाही आणि बंद झाकणाखाली बॅटरी गळत राहते. तेवढ्यासाठी यंत्र एक रात्र झाकण लावून ठेवावे आणि सकाळी बॅटरीची टक्केवारी बघून मगच विंडोज पुसायचे की नाही ते ठरवावे.