तंबूचा निकाल आणि डेव्हनच्या पायवाटा

डार्टमूरच्या माळावर तंबू ठोकून रात्र काढण्याचा सर्वसामान्यांचा हक्क ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये एकमताने मान्य केला. १९८५ च्या कायद्याने लोकांना मोकळ्या हवेतील करमणुकीसाठी या माळावर पायी आणि घोड्यावरून फिरण्याची मुभा दिलेली आहे. तंबूतली झोप त्या करमणुकीत मोडते की नाही, एवढ्याच मुद्द्यावर एका जमीनमालक दांपत्याचा दावा तीन न्यायालयांतून गेला. बातम्यांत तंबू गाजला, पण या निकालाचे मोल त्याहून मोठे आहे. इंग्लंडमध्ये कायद्याने मनसोक्त हिंडता येते अशी जमीन जेमतेम ८ टक्के. अशा देशात डेव्हन काउंटीतल्या या माळावरचा हक्क जपला जाणे ही मनापासून स्वागत करावी अशी गोष्ट आहे.

डार्टमूरला १९५१ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. क्षेत्र सुमारे ९५४ चौरस किलोमीटर, सर्वांत उंच माथा हाय विल्हेज, ६२१ मीटर. टेकड्यांच्या माथ्यांवर ग्रॅनाइटच्या खडकांचे ढीग उभे आहेत. त्यांना ‘टॉर’ म्हणतात. मोकळी चरणारी बुटकी तट्टे जागोजाग दिसतात. धुके मात्र बघता बघता उतरते आणि पायाखाली दलदल असते, म्हणून नकाशा आणि होकायंत्र सोबत हवेच. उत्तर भागात लष्कराचा गोळीबाराचा सराव चालतो. त्याचे वेळापत्रक आधी जाहीर होते आणि लाल निशाण फडकत असले की आत पाऊल टाकायचे नाही.

या माळाचा खास खेळ म्हणजे ‘लेटरबॉक्सिंग’. १८५४ मध्ये जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने क्रॅनमिअर पूल या आडबाजूच्या दलदलीत एक बाटली ठेवली. तिथवर पोचणाऱ्याने आपल्या नावाचे कार्ड तिच्यात टाकायचे. बाटलीच्या जागी पुढे डबे आले. खडकाच्या कपारीत दडवलेल्या डब्यात एक रबरी शिक्का आणि एक वही असते. शोधणारा डब्यातला शिक्का स्वतःच्या वहीत उमटवतो, स्वतःचा शिक्का डब्यातल्या वहीत उमटवतो आणि डबा होता तसा ठेवून देतो. मुलांना नकाशा वाचायला शिकवण्याचा इतका चांगला मार्ग क्वचितच सापडेल.

मुक्कामाचे नियम सोपे आहेत. उद्यानाच्या नकाशात परवानगी दाखवलेल्या भागातच तंबू लावावा, रस्त्यापासून किमान १०० मीटर दूर. एका जागी फार तर दोन रात्री. शेकोटी पेटवायची नाही, कचरा परत न्यायचा.

डेव्हनला उत्तरेला आणि दक्षिणेला असे दोन वेगळे समुद्रकिनारे आहेत, आणि ६३० मैलांची साउथ वेस्ट कोस्ट पाथ ही पायवाट दोन्हींवरून जाते. तिचे मूळ तस्करीविरोधी पहाऱ्यात आहे. पहारेकऱ्यांना प्रत्येक खाडीत डोकावावे लागे, म्हणून वाट कड्याला चिकटून चालते आणि चढउतारांनी पोटऱ्या भरून येतात. दक्षिणेला एक्समथजवळच्या ऑर्कोंब पॉइंटच्या तांबड्या खडकांपासून ज्युरासिक कोस्ट हा जागतिक वारसा किनारा सुरू होतो.

उत्तर किनाऱ्यावर लिनमथला कड्यावर चढण्यासाठी १८९० पासून एक रेल्वे चालू आहे. तिचे दोन डबे एकमेकांना दोरांनी जोडलेले असून दोन्हींच्या तळाशी पाण्याची टाकी आहे. वरच्या डब्याच्या टाकीत नदीचे पाणी भरतात, खालच्या डब्यातले सोडून देतात. जड झालेला डबा उतरू लागतो, हलका वर ओढला जातो, वेग ब्रेकने आवरतात. सव्वाशेहून अधिक वर्षे हे काम निव्वळ पाण्याच्या वजनावर होते आहे. ते जवळून पाहण्यासाठी अर्धा दिवस राखून ठेवावा.

याच किनाऱ्यावर भरती-ओहोटीतला फरक प्रचंड असतो. खडकांमधल्या डबक्यांतले खेकडे आणि समुद्रफुले पाहण्यात रमलेल्यांची परतीची वाट भरतीत बुडू शकते, म्हणून वेळापत्रक पाहूनच उतरावे. जीवरक्षक असलेल्या पुळणींवर लाल-पिवळ्या निशाणांच्या मधल्या पाण्यातच पोहायचे.

मोटार नसलेल्यांसाठीही माळ आता जवळ आला आहे. १९७२ मध्ये थांबलेली एक्सेटर-ओकहॅम्प्टन मार्गावरची नियमित प्रवासी रेल्वे नोव्हेंबर २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाली. ओकहॅम्प्टन डार्टमूरच्या उत्तर सीमेवर आहे आणि स्थानकातून माळाकडे पायीच निघता येते.